डेपो-प्रोव्हेरा आणि मेंदूतली गाठ: दावा कशावर उभा राहतो

इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. दुसऱ्या बाळंतपणानंतर, २०१२ ते २०१९, तुम्ही न्यू जर्सीत दर तीन महिन्यांनी डेपो-प्रोव्हेरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेत होतात. २०२२ मध्ये डाव्या डोळ्याने अंधुक दिसू लागलं. एमआरआयमध्ये मेनिंजिओमा निघाला, कवटी उघडून शस्त्रक्रिया झाली आणि नजर पूर्ण परतली नाही. या इंजेक्शनचा आणि अशा गाठीचा संबंध असल्याचं २०२५ मध्ये एका मैत्रिणीकडून कळलं. आता तुम्ही विचारता की दावा करता येईल का, फार उशीर झाला का, आणि साताऱ्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘अंतरा’ हे सरकारी गर्भनिरोधक इंजेक्शन घेणाऱ्या तुमच्या जाऊबाईंनी काय करावं.

मी अमेरिकेत औषध कंपन्यांविरुद्धच्या दाव्यांचंच काम करते, म्हणून आडवळण न घेता सांगते. दावा करता येतो. मुदतीचा प्रश्न अडचणीचा आहे, पण संपलेला नाही. जाऊबाईंचं प्रकरण पूर्णपणे वेगळं आहे, त्याकडे शेवटी येते. आणि हे उत्तर वाचून होण्याआधीच एक काम करा: ज्या दवाखान्यात इंजेक्शन घेतलंत तिथे तुमच्या संपूर्ण केसपेपरची लेखी मागणी आजच पाठवा. घाई का, तेही पुढे येईल.

आधी विज्ञान, कारण कोर्टात पहिली झटापट तिथेच होते. मेनिंजिओमा ही मेंदूच्या पेशींची गाठ नसते. ती मेंदूवरच्या आवरणातून वाढते, बहुतेक वेळा कर्करोगाची नसते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दुपटीहून जास्त आढळते. यातल्या बऱ्याच गाठींवर प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकाला धरून घेणारे रिसेप्टर असतात, हे १९८० च्या दशकापासून अभ्यासकांना माहीत आहे. डेपो-प्रोव्हेरामधलं मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे कृत्रिम प्रोजेस्टेरॉनच. एका इंजेक्शनात १५० मिलिग्रॅम.

मार्च २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय आरोग्य नोंदींवरचा अभ्यास आला. २००९ ते २०१८ या काळात मेनिंजिओमाची शस्त्रक्रिया झालेल्या १८,०६१ स्त्रियांची तुलना ९०,३०५ इतर स्त्रियांशी केली गेली. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन वर्षभर किंवा त्याहून जास्त घेतलेल्यांमध्ये शस्त्रक्रियेची वेळ येण्याची शक्यता ५.५५ पट निघाली. वकिलांच्या जाहिरातींमध्ये हाच आकडा मोठ्या अक्षरांत असतो. पण त्यामागच्या स्त्रिया किती? गाठ असलेल्यांत ९ आणि नसलेल्यांत ११, कारण फ्रान्समध्ये हे इंजेक्शन फारच थोड्या जणी घेतात. म्हणून खरा आकडा २.२७ पासून १३.५६ पर्यंत कुठेही असू शकतो. औषध बनवणाऱ्या फायझर कंपनीचे वकील याच ९ आणि ११ वर बोट ठेवतात. पण तो अभ्यास एकटा राहिला नाही. २०२५ मध्ये जामा न्यूरॉलॉजीत अमेरिकी रुग्णांवरचा मोठा अभ्यास आला. त्यात धोका २.४३ पट दिसला, आणि चार वर्षांहून जास्त काळ घेतलेल्या किंवा वयाच्या एकतिशीनंतर सुरू केलेल्या स्त्रियांमध्ये तो ठळक होता. तुम्ही सात वर्षं घेतलंत. वय तुम्ही लिहिलेलं नाही, ते वकिलाला जरूर सांगा.

त्याच अभ्यासातली दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे: साधारण ११५२ स्त्रियांमागे एक जास्तीची गाठ. म्हणजे इंजेक्शन घेतलेल्या बहुतेक सगळ्या जणींना ही गाठ होत नाही. दावा करणारीने हे मोकळेपणाने मानावं. त्याने दावा कमजोर होत नाही, कारण ज्या एकीला गाठ झाली तिला हा धोका आधी कोणी सांगितला होता का, हा प्रश्न तसाच उरतो.

आणि कोर्टात मुख्य लढाई याच प्रश्नावर आहे. बऱ्याच जणींना वाटतं, गाठ झाली आणि इंजेक्शन घेतलं होतं, एवढं दाखवलं की काम झालं. तसं नाही. धोका असलेलं औषध विकणं हा अमेरिकेत गुन्हा नाही. धोका माहीत असून, किंवा माहीत असायला हवा असताना, तो डॉक्टरांना आणि रुग्णाला न सांगणं याची भरपाई द्यावी लागते. कॅनडातल्या माहितीपत्रकात मेनिंजिओमाचा उल्लेख अमेरिकेच्या कितीतरी आधीपासून होता. युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षा समितीने २०२४ मध्ये तो घालायला सांगितला आणि त्याच वर्षी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्रं गेली. अमेरिकेतल्या लेबलवर हा इशारा डिसेंबर २०२५ मध्ये आला. तुम्ही घेत होतात त्या सात वर्षांत अमेरिकी लेबलवर याबद्दल एक अक्षरही नव्हतं. दाव्याची दुसरी बाजू मात्रेची आहे. कातडीखाली द्यायचं १०४ मिलिग्रॅमचं इंजेक्शन अमेरिकेत २००४ पासून मंजूर आहे. कमी मात्रेत तेच काम होत असेल तर १५० कशाला चालू ठेवलं, असं वादी विचारतात.

कंपनीचा सर्वांत मजबूत बचाव हा की आम्ही इशारा घालायला तयार होतो, पण औषधांना आणि त्यांच्या लेबलला मंजुरी देणाऱ्या केंद्र सरकारच्या एफडीएने नकार दिला. म्हणजे संघराज्याच्या, म्हणजे केंद्राच्या, कायद्यामुळे आमचे हात बांधलेले होते, तेव्हा राज्याच्या कायद्याखाली आम्हाला दोषी धरता येणार नाही. या बचावाला वजन आहे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये वायेथ विरुद्ध लेव्हाइन खटल्यात ठरवलं की लेबलची जबाबदारी पहिल्यापासून शेवटपर्यंत कंपनीचीच. एफडीएची वाट न पाहता कंपनी इशारा कडक करू शकते. एफडीएने तो नाकारलाच असता असा स्पष्ट पुरावा दिला तरच तिची सुटका. २०१९ मध्ये मर्क विरुद्ध अल्ब्रेक्ट खटल्यात कोर्टाने आणखी एक अट घातली: कंपनीने एफडीएला सगळी महत्त्वाची माहिती दिलेली असली पाहिजे. इथे वादी म्हणतात की कंपनीने अर्ज भलताच सैल केला, कमी मात्रेचं इंजेक्शन आणि गोळ्याही त्यात गुंतवल्या, आणि नकार आला तो त्यामुळे. शिवाय हा अर्ज २०२४ मधला. त्याआधीच्या दोन-तीन दशकांत कंपनीने काय विचारलं होतं? माझं मत विचाराल तर, नंतर तीच एफडीए इशाऱ्याला मंजुरी देते तेव्हा ‘ती कधीच देणार नव्हती’ हे म्हणणं बरंच लंगडं पडतं. पण हा मुद्दा न्यायाधीश ठरवतात, ज्यूरी नाही, आणि तो विरुद्ध गेला तर इशारा न दिल्याचे दावे एकदम अडचणीत येतात. जो वकील तुम्हाला हे न सांगता ‘केस पक्की आहे’ म्हणतो, त्याच्याकडे सही करू नका.

तुमचा दावा कुठेही दाखल झाला तरी कायदा सहसा तुमच्या राज्याचाच लागेल, आणि न्यू जर्सीचा कायदा दुधारी आहे. तिथे एफडीएने मंजूर केलेला इशारा पुरेसाच होता असं कायदा आधी गृहीत धरतो. ते खोडून काढण्याचा भार तुमच्यावर. दुसरीकडे, ‘आम्ही डॉक्टरांना सांगितलं की आमचं कर्तव्य संपलं’ ही कंपन्यांची नेहमीची ढाल न्यू जर्सीत पुरती चालत नाही. १९९९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पेरेझ विरुद्ध वायेथ खटल्यात सांगितलं की कंपनी थेट ग्राहकांना जाहिरात करत असेल तर तिला या ढालीमागे लपता येणार नाही. तो खटलाही गर्भनिरोधकाचाच होता, दंडात बसवायच्या नॉरप्लांटचा. म्हणून त्या काळात टीव्हीवर, मासिकात किंवा दवाखान्यातल्या पत्रकात डेपो-प्रोव्हेराची जाहिरात पाहिल्याचं आठवत असेल तर कुठे, कधी, काय, ते आजच कागदावर लिहून ठेवा.

आता मुदत. न्यू जर्सीत शारीरिक इजेच्या दाव्याला दोन वर्षं मिळतात. शस्त्रक्रियेपासून मोजली तर २०२४ मध्येच संपली. पण न्यू जर्सीची न्यायालयं एक सवलत देतात: इजा झाली आणि ती दुसऱ्या कुणाच्या चुकीमुळे झालेली असू शकते, हे तुम्हाला कळलं किंवा वाजवी प्रयत्नाने कळू शकलं असतं, तिथपासून घड्याळ सुरू होतं. तुम्ही म्हणाल २०२५. कंपनी म्हणेल मार्च २०२४, कारण फ्रेंच अभ्यासाची बातमी तेव्हा जगभर छापून आली, आणि त्या हिशेबाने मुदत मार्च २०२६ मध्ये भरते. वकील नेहमी सर्वांत आधीची, गैरसोयीची तारीख धरून काम करतो आणि वादासाठी दुसरी तारीख राखून ठेवतो. तुम्हीही तसंच करा. माझ्या तारखेप्रमाणे अजून वेळ आहे, या भरवशावर एक आठवडाही घालवू नका.

यात एक खाचखळगा आहे. मेंदूचे सर्जन शस्त्रक्रियेपूर्वी बऱ्याचदा विचारतात, ‘हार्मोन्स घेता का?’ आणि केसपेपरात तशी ओळ पडते. २०२२ च्या नोंदीत कुणी ‘डेपो-प्रोव्हेरा, संबंध असण्याची शक्यता’ असं लिहून ठेवलं असेल आणि ते तुमच्याशी बोलल्याचंही नमूद असेल, तर घड्याळ तिथूनच सुरू झालं असा युक्तिवाद होईल. अशी ओळ सापडली तर लपवू नका. वकिलाला पहिल्याच भेटीत दाखवा. कंपनीला ती सापडतेच, आणि तुमच्या वकिलाला ती पहिल्यांदा विरोधी पक्षाकडून कळली तर फार नुकसान होतं.

कागदपत्रांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण असे दावे मी हरताना पाहिले ते बहुधा इथेच. न्यू जर्सीत डॉक्टरांना रुग्णाची नोंद शेवटच्या नोंदीपासून सात वर्षं ठेवावी लागते. तुमचं शेवटचं इंजेक्शन २०१९ मधलं. त्यानंतर त्या दवाखान्यात गेला नसाल तर २०२६ मध्ये त्यांना तुमची फाइल कायदेशीरपणे नष्ट करता येते. मागणी केल्यावर नोंदी देण्यासाठी संघराज्याच्या कायद्याने साधारण ३० दिवसांची मुदत आहे. मागताना फक्त ‘मेडिकल रेकॉर्ड’ म्हणू नका, नाहीतर छापील सारांश हातात पडेल. इंजेक्शनच्या प्रत्येक तारखेची नोंद, लॉट क्रमांक, एनडीसी क्रमांक (औषधाचा अमेरिकी ओळखक्रमांक) आणि बिलिंगचा तपशील असं स्पष्ट लिहा.

एनडीसी क्रमांक का लागतो? बिलावर जे १०५० हा कोड असेल, जुन्या बिलांवर जे १०५५. त्यावरून औषध कोणतं ते कळतं, बनवणारी कंपनी कळत नाही. कंपनी कळते एनडीसीच्या पहिल्या आकड्यांवरून: ०००९ म्हणजे फायझरच्या मालकीची फार्मासिया अँड अपजॉन. ५९७६२ म्हणजे ग्रीनस्टोन आणि ६६९९३ म्हणजे प्रास्को. या दोघांनी विकलेलं इंजेक्शन मूळ कंपनीचंच, वेगळ्या नावाचं. पण ते दुसऱ्याच कुठल्या जेनेरिक, म्हणजे मूळ औषधाची नक्कल बनवणाऱ्या, कंपनीचं निघालं तर वाट अवघड होते. २०११ च्या प्लिवा विरुद्ध मेन्सिंग निकालानुसार जेनेरिक कंपनीला स्वतःहून लेबल बदलता येत नाही, म्हणून इशारा न दिल्याबद्दल तिच्यावर दावा चालत नाही. औषध तेच, गाठही तीच, आणि केवळ बाटलीवरच्या आकड्यामुळे एकीला न्याय मागता येतो, दुसरीला नाही. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, पण आज कायदा असा आहे. दवाखान्याकडे क्रमांक नसेल तर इन्शुरन्स कंपनीच्या दाव्यांच्या नोंदी मागा. फार्मसीतून इंजेक्शन आणून दवाखान्यात टोचून घेत असाल तर फार्मसीची नोंद सर्वांत चांगली.

दुसरीकडे, जिथे शस्त्रक्रिया झाली त्या हॉस्पिटलकडून एमआरआयच्या मूळ प्रतिमा, शस्त्रक्रियेचा अहवाल आणि पॅथॉलॉजीचा अहवाल घ्या. पॅथॉलॉजीत गाठीचा दर्जा आणि प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरची तपासणी पाहायची. गाठीचे मेणातले ठोकळे प्रयोगशाळेत जपलेले असतात. ते नष्ट करू नयेत असं लेखी कळवा. कृत्रिम प्रोजेस्टेरॉनशी जोडलेल्या मेनिंजिओमांमध्ये पीआयके३सीए या जनुकातला बदल जास्त वेळा दिसतो, तेव्हा तज्ज्ञाला ती तपासणी करावीशी वाटली तर नमुना हाताशी हवा. लहानपणी डोक्यावर किरणोपचार झाले होते का, घरात न्यूरोफायब्रोमॅटोसिस (नसांवर गाठी होणारा आनुवंशिक आजार) आहे का, हेही तुम्हाला विचारलं जाणारच. उत्तर काहीही असो, खरं सांगा.

संघराज्य न्यायालयांतले असे दावे २०२५ च्या फेब्रुवारीपासून फ्लोरिडात पेन्साकोलाच्या संघराज्य न्यायालयात, न्यायाधीश केसी रॉजर्स यांच्यासमोर एकत्र केले आहेत. त्यांनीच पूर्वी थ्रीएमच्या सदोष इअरप्लगचे सैनिकांचे प्रचंड संख्येतले दावे हाताळले होते. हा सामूहिक दावा नाही. कागदपत्रांची देवाणघेवाण आणि तज्ज्ञांची उलटतपासणी एकदाच व्हावी म्हणून ही सोय. बाकी प्रत्येकीचा दावा, तिचं नुकसान, तिची भरपाई स्वतंत्र. तुम्हाला फ्लोरिडाला जायची गरज सहसा पडत नाही. मात्र इंजेक्शन घेतल्याचा आणि गाठीचा पुरावा सुरुवातीलाच, ठरलेल्या मुदतीत द्यावा लागतो. नुसतं नाव नोंदवून वाट पाहणाऱ्यांसाठी हे न्यायालय नाही.

पैशाबद्दल लोक सर्वांत आधी विचारतात आणि मला सर्वांत कमी सांगता येतं. इंटरनेटवर ‘सरासरी भरपाई’ म्हणून जे डॉलरचे आकडे फिरतात त्यांना कसलाही आधार नाही. वकिलाची फी मिळालेल्या भरपाईतून जाते. न्यू जर्सीत तिच्यावर नियमाने मर्यादा आहे, भरपाईच्या रकमेच्या पहिल्या टप्प्याला जास्तीत जास्त एक तृतीयांश. खर्च वेगळा, आणि तुमच्या इन्शुरन्सने शस्त्रक्रियेचे पैसे भरले असतील तर तेही आपला वाटा मागू शकतात. सही करण्याआधी हे तिन्ही आकडे लेखी घ्या. फोन करून ‘तुम्ही पात्र आहात’ सांगणारे बऱ्याचदा वकील नसतात. ते नावं गोळा करून विकतात. आणि खटल्याच्या भरवशावर आगाऊ कर्ज देणाऱ्यांपासून फार सांभाळा. त्यांचं व्याज भरपाई खाऊन टाकतं.

आता जाऊबाई. त्यांना गाठ नाही, त्रास नाही. मग दावाही नाही. नुकसान झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही, ना इथे ना भारतात. ‘अंतरा’मध्येही हेच मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन असतं. २०१७ पासून ते सरकारी केंद्रांत मोफत मिळतं. पण पुढेमागे काही झालंच तर पेन्साकोलाच्या खटल्यात त्यांना शिरता येईल अशी आशा धरू नका. इंजेक्शन भारतात दिलेलं, साक्षीदार भारतात, पुरवठा सरकारी खरेदीतून. अशा वेळी अमेरिकी न्यायालय ‘तुमच्या देशात जा’ म्हणतं. भोपाळच्या वेळी १९८६ मध्ये न्यू यॉर्कच्या न्यायालयाने नेमकं हेच म्हटलं होतं.

भारतात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने उत्पादकाची जबाबदारी पहिल्यांदा स्पष्ट कलमांत आणली. खासगी दवाखान्यात पैसे देऊन इंजेक्शन घेतलेल्या स्त्रीला तो मार्ग आहे. मुदत दोन वर्षं. सरकारी केंद्रात मोफत घेतलेल्या स्त्रीला हा दरवाजा अवघड, कारण सगळ्यांना मोफत दिली जाणारी वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९५ च्या शांता निकालात सांगितलं. तिला उच्च न्यायालयात रिट हा मार्ग उरतो. तिथे २००८ चा समीरा कोहली निकाल, म्हणजे माहिती देऊन घेतलेल्या संमतीचा, आणि नसबंदी शिबिरांबद्दलचा २०१६ चा देविका बिस्वास निकाल, हे आधाराला घेता येतात. म्हणजे वजन पुन्हा ‘सांगितलं होतं का’ यावरच येतं.

भारतात हा प्रश्न आजचा नाही. गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचणीत स्त्रियांना पुरेशी माहिती दिली नाही म्हणून हैदराबादची स्त्री शक्ती संघटना १९८६ मध्येच सुप्रीम कोर्टात गेली होती. ते इंजेक्शन नेट-एन होतं, डेपो नव्हे, पण तक्रार तीच. १९९३ मध्ये डेपो-प्रोव्हेराला खासगी विक्रीची परवानगी मिळाली, तेव्हाही स्त्री संघटनांनी विरोध केला. त्या बायका कुटुंबनियोजनाच्या विरोधात नव्हत्या. आरोग्य केंद्रात सुई टोचताना समोरच्या बाईला काय सांगितलं जातं, हे त्या विचारत होत्या, आणि ते आजही विचारायलाच हवं.

जाऊबाईंनी घाबरून एकदम इंजेक्शन सोडू नये. सोडायचं असेल तर पुढची तारीख येण्याआधी दुसरा उपाय ठरवावा. नको असलेलं गरोदरपण हाही धोकाच आहे, आणि काही जणींसाठी या गाठीपेक्षा मोठा. पूर्वी कधी मेनिंजिओमा झाला असेल तर मात्र हे इंजेक्शन घेऊच नये, आणि आशाताईंना, डॉक्टरांना ते सांगावं. किती वर्षं घेतलं हे डॉक्टरांना विचारायला लावावं. डोकेदुखी नव्याने सुरू होऊन वाढत असेल, दिसणं किंवा ऐकू येणं कमी होत असेल, वास येईनासा झाला असेल, फिट आली असेल, तर ‘वयामुळे होतं’ म्हणून घरी बसू नये, न्यूरॉलॉजिस्टला दाखवावं. काहीच त्रास नसताना एमआरआय करायची गरज नाही. ‘अंतरा’चं कार्ड, ज्यावर तारखा असतात, ते फेकू नये, आत्ताच फोनमध्ये फोटो काढून ठेवावा. आणि औषधाचा कुठलाही गंभीर त्रास झाला तर भारताच्या औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्ण स्वतःही तक्रार नोंदवू शकतो. त्यासाठी डॉक्टरांची सही लागत नाही. अशा नोंदी जमल्या तरच भारतातल्या लेबलवर काय छापायचं याचा विचार भारतातल्या आकड्यांवरून होईल.

तुम्ही दवाखान्याला पत्र पाठवलंत की त्याची प्रत आणि पोच जपून ठेवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर ते न आल्याचाही पुरावा लागतो.